'हॅम्लेट'मधलं दुसरं घर: ऑफेलियाला मिळालेले सल्ले आणि त्यांचं पुढे काय झालं

'हॅम्लेट' म्हटलं की बापाचं भूत, सूडाची आज्ञा आणि हातात कवटी घेऊन उभा असलेला राजपुत्र आठवतो. पण शेक्सपिअरच्या या शोकांतिकेत राजघराण्याच्या शेजारीच आणखी एक कुटुंब राहतं. सुरुवातीला त्या घरात भूत नाही, खून नाही, गादीसाठी भांडण नाही. बाप आहे, मुलगा आहे, मुलगी आहे आणि तिघांना एकमेकांची काळजी आहे. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात हे तिघं एकत्र दिसतात. मुलगा परदेशी निघालाय, सामान जहाजावर चढलंय, आणि निघताना कोणत्याही घरात होतं तेच इथे होतं: जो तो दुसऱ्याला जपून राहायला सांगतो. नाटक संपतं तेव्हा तिघांपैकी एकही जिवंत नसतो.

जेमतेम दीडशे ओळींच्या या प्रवेशात कोणी कोणाला काय सांगितलं आणि ते पुढे कसं फिरलं, हे धरून नाटक वाचलं तर 'हॅम्लेट' ही सूडाइतकीच सल्ल्यांचीही शोकांतिका वाटू लागते.

घर कोणाचं?

नाटक साधारण १६०० च्या सुमारास लिहिलं गेलं. गोष्ट घडते डेन्मार्कमधल्या एल्सिनोर इथल्या किल्ल्यात. पोलोनियस हा राजाचा मुख्य सल्लागार, म्हणजे सल्ला देणं हा त्याचा धंदाच. लेअर्टिस त्याचा मुलगा, ऑफेलिया मुलगी. राजपुत्र हॅम्लेट गेले काही दिवस ऑफेलियाला भेटतोय, पत्रं लिहितोय, भेटवस्तू देतोय.

या मुलांची आई नाटकात नाही. ती कधी गेली, कशी होती, कोणी बोलत नाही. चौथ्या अंकात रागाच्या भरात लेअर्टिस तिचा एकदा ओझरता उल्लेख करतो, तेवढाच. त्यामुळे ऑफेलियाला जे काही सांगितलं जातं ते पुरुषांकडून. दरबारातली दुसरी स्त्री म्हणजे राणी गर्ट्रूड. तिच्या मनात ऑफेलियाबद्दल काय आहे, हे फार उशिरा कळतं.

ऑफेलिया वडिलांना 'माय लॉर्ड' म्हणते. त्या काळच्या उमराव घरांत ही रीतच होती. पण ती हॅम्लेटलाही 'माय लॉर्ड'च म्हणते. तिच्या तोंडी बाप आणि प्रियकर या दोघांसाठी एकच संबोधन आहे आणि ते हुकूम ऐकणाऱ्या माणसाचं आहे.

भावाचा सल्ला

आधी बोलतो लेअर्टिस. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हॅम्लेटचं प्रेम खरंही असेल, पण ते टिकणारं नाही. ते वसंताच्या सुरुवातीला उमलणाऱ्या जांभळ्या व्हायोलेटच्या फुलासारखं आहे, लवकर येतं, गोड वाटतं आणि लगेच सुकतं. शिवाय तो राजपुत्र आहे. सामान्य माणसासारखं स्वतःच्या मनाने लग्न ठरवायची त्याला मुभा नाही. त्याच्या निवडीवर सगळ्या राज्याचं बरंवाईट अवलंबून आहे. तेव्हा त्याचं बोलणं फार मनावर घेऊ नकोस, आपली अब्रू सांभाळ, आणि सर्वांत सुरक्षित राहायचं तर घाबरून राहा.

यात खोटं काय आहे? वरवर पाहता काहीच नाही. राजघराण्यातली लग्नं त्या काळी राजकारण पाहूनच व्हायची. इंग्लंडमध्ये तर राणी एलिझाबेथच्या लग्नाचा प्रश्न कित्येक वर्षं राज्याच्या चिंतेचा विषय होता, आणि हे प्रेक्षकांना चांगलं ठाऊक होतं. लेअर्टिसची काळजीही खरी आहे. फक्त तो बहिणीला एकही प्रश्न विचारत नाही. हॅम्लेट तुला काय म्हणाला, तुला तो कसा वाटतो, तू काय ठरवलंयस, यातलं काहीच नाही. सुमारे पस्तीस ओळी सलग बोलतो आणि थांबतो.

ऑफेलियाचं उत्तर छोटं आहे, पण सगळ्या नाटकात ती इतकी मोकळी पुन्हा कधी दिसत नाही. तुझा उपदेश मनाशी जपून ठेवीन, असं ती म्हणते. आणि लगेच पुढे: पण दादा, स्वर्गाची काट्याकुट्यांची वाट मला दाखवून स्वतः मौजमजेच्या फुलवाटेने जाणाऱ्या धर्मोपदेशकांसारखं करू नकोस. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' हे आपण म्हणतो तोच हा चिमटा. पॅरिसला निघालेल्या तरुण भावाला बहीण बरोब्बर ओळखून आहे. त्यावर लेअर्टिस काय करतो? माझी काळजी नको, म्हणतो आणि उशीर झाल्याचं त्याला एकदम आठवतं. ऑफेलियाला स्वतःची बुद्धी आहे, विनोद आहे, माणसाची पारख आहे, हे शेक्सपिअरने इथे दाखवून ठेवलंय. पुढे जे हरवतं ते काय होतं, हे कळावं म्हणून या चार-पाच ओळी लक्षात ठेवाव्या लागतात.

बापाचा मुलाला सल्ला

तेवढ्यात पोलोनियस येतो. अजून इथेच? वारा शिडात भरलाय, लोक खोळंबलेत, चल, नीघ, अशी घाई करतो आणि मग त्यालाच उभं करून वीस-पंचवीस ओळी उपदेश करतो. रंगमंचावर इथे हमखास हशा येतो. कित्येक प्रयोगांत मुलं बापाच्या पाठीमागे तीच वाक्यं ओठांनी म्हणत असतात, कारण ती त्यांनी शंभर वेळा ऐकलेली असणार.

उपदेश वाईट मात्र नाही. मनातलं सगळं बोलून दाखवू नकोस. पारखलेल्या मित्रांना घट्ट धरून ठेव, पण भेटेल त्याच्याशी सलगी नको. भांडणात शिरू नकोस, शिरलासच तर समोरच्याला धाक बसला पाहिजे. ऐक सगळ्यांचं, बोल मोजक्यांशी. कपडे ऐपतीप्रमाणे चांगले घाल, पण भडक नकोत. उसनं देऊ नकोस, घेऊही नकोस; दिलं की पैसाही जातो आणि मित्रही. आणि शेवटी, स्वतःशी खरा राहा, म्हणजे दुसऱ्या कोणाशी खोटं वागणं तुला जमणारच नाही.

ही शेवटची ओळ आज इंग्रजी शुभेच्छापत्रांवर, शाळांच्या भिंतींवर शेक्सपिअरचं सुभाषित म्हणून मिरवते. ती कोण बोलतं आणि पुढच्या अंकात तो काय करतो, हे तिथे लिहिलेलं नसतं.

बापाने मुलाला लेखी उपदेश करण्याची त्या काळी इंग्लंडमध्ये रूढ पद्धत होती. राणी एलिझाबेथचा मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली याने आपला मुलगा रॉबर्ट सेसिल याच्यासाठी असाच उपदेश लिहिला होता. सोबत कशी निवडावी, पैशाचे व्यवहार कसे सांभाळावेत, असे त्याचे विषय. पोलोनियस म्हणजे बर्लीवरची टीका आहे असं काही अभ्यासकांनी मांडलंय. ते सिद्ध करता येत नाही, आणि या जातीचा उपदेश इतका सर्वत्र होता की एका माणसाकडे बोट दाखवायची गरजही नाही. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स, जो १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आला, त्यानेही १५९९ मध्ये आपल्या मुलासाठी राज्यकारभाराच्या उपदेशाचं पुस्तक छापलं होतं.

'हॅम्लेट'ची पहिली छापील आवृत्ती १६०३ ची. तिच्यात पोलोनियसचं नाव कोराम्बिस आहे, आणि त्याच्या या उपदेशाच्या ओळींना समासात खास खुणा केलेल्या आहेत. या ओळी आपल्या वहीत उतरवून घेण्यासारख्या आहेत, असं वाचकाला सुचवण्याची ती पद्धत होती. म्हणजे पोलोनियसला निव्वळ बावळट म्हातारा समजणं बरोबर नाही. अठराव्या शतकात डॉ. सॅम्युअल जॉन्सनने त्याच्याविषयी जे म्हटलं ते अजून पटतं: हा शहाणाच माणूस आहे, पण वयाने त्याच्या शहाणपणावर अतिक्रमण सुरू केलंय. साठवलेलं ज्ञान भरपूर, समोरच्या प्रसंगाला ते लावताना मात्र घसरण.

किल्ली कोणाकडे

लेअर्टिस निघतो. जाता जाता बहिणीला म्हणतो, मी सांगितलेलं लक्षात ठेव. ती म्हणते, ते मनात कुलूप लावून ठेवलंय आणि किल्ली तुझ्याचपाशी. भावाबहिणीतलं हे एकमेव गुपित. पण ते बोललं जातं बापाच्या देखत. लेअर्टिसची पाठ वळताच पोलोनियसचा प्रश्न: काय सांगत होता तो? आणि ऑफेलिया सांगून टाकते, हॅम्लेटबद्दल काहीतरी. कुलूप दोन ओळीही टिकत नाही. जाताजाता दिलेल्या त्या एका काळजीच्या आठवणीमुळेच विषय बापापर्यंत पोचतो.

बापाचा मुलीला सल्ला

मुलाला पोलोनियसने आशीर्वाद दिला. मुलीची तो चौकशी करतो. तुम्हा दोघांत काय चाललंय, खरं सांग. ती सांगते, त्याने माझ्यावर प्रेम असल्याचं अनेकदा बोलून दाखवलंय.

इथे मूळ इंग्रजीत ती जो शब्द वापरते तो मराठी वाचकाला सरकारी कचेरीमुळे चांगला ठाऊक आहे: टेंडर. हॅम्लेटने प्रेमाची 'टेंडर्स' दिली आहेत, म्हणजे प्रेम पुढे केलंय. पोलोनियस हा शब्द पकडतो आणि पिळून काढतो. ही टेंडर्स तू खरी नाणी समजलीस? ती खोटी आहेत. स्वतःची किंमत जास्त लाव, नाहीतर माझं हसं करशील. शब्द एकच, पण तो एकदा देकार होतो, एकदा चलन होतो, एकदा जपणूक. हॅम्लेटच्या शपथांना पोलोनियस दलाल म्हणतो. एक बाप मुलीशी तिच्या मनाबद्दल बोलतोय आणि त्याच्या तोंडी सगळी भाषा बाजाराची आहे.

ऑफेलिया दोनदा प्रयत्न करते. त्याचं वागणं सन्मानाचं होतं, असं सांगते. त्याने देवाची आण घेऊन शपथा वाहिल्या, असंही सांगते. दुसरी गोष्ट त्या काळी हलकी नव्हती. इंग्लंडमध्ये तेव्हा दोघांनी एकमेकांना लग्नाचं स्पष्ट वचन दिलं तर चर्चच्या कायद्यात ते बंधनकारक ठरू शकत असे. म्हणजे हॅम्लेट नेमकं काय बोलला, हे विचारणं सावध बापाचं पहिलं काम होतं. पोलोनियस विचारत नाही. शपथा म्हणजे पाखरं पकडायचे फासे, असं म्हणून विषय मिटवतो. शेवटी हुकूम: यापुढे हॅम्लेटशी एक शब्द बोलायचा नाही. ऑफेलिया एका छोट्या वाक्यात होकार देते आणि प्रवेश संपतो.

पोलोनियसच्या बाजूने बोलायला जागा आहे. राजपुत्राने फसवलेल्या मुलीची त्या समाजात काय गत होत असे, हे त्याला माहीत होतं. शिवाय त्याची नोकरी. मंत्री आपल्या मुलीला राजपुत्राच्या गळ्यात बांधू पाहतोय, असा संशय राजाला आला असता तर सगळं घर उघड्यावर आलं असतं. दुसऱ्या अंकात तो स्वतःच राजाला विचारतो की हे प्रकरण पाहून मी गप्प बसलो असतो तर आपण माझ्याबद्दल काय समजला असता. त्याची भीती बिनबुडाची नव्हती. मात्र ती किती मुलीसाठी आणि किती स्वतःसाठी, हे त्याने मुलीला तर सोडाच, स्वतःलाही कधी स्पष्ट केलेलं दिसत नाही.

मुलाला दिलेल्या सल्ल्यात जगात वावरायचं कसं, हे आहे. मुलीला दिलेल्यात वावरायचंच नाही, एवढंच आहे.

जपणं ते पाळत ठेवणं

पुढच्याच अंकाची सुरुवात पाहा. पोलोनियस रेनाल्डो नावाच्या नोकराला पैसे आणि पत्रं घेऊन पॅरिसला पाठवतोय. पण लेअर्टिसला भेटण्याआधी आणखी एक काम आहे. तिथल्या ओळखीच्या लोकांपुढे लेअर्टिसबद्दल थोडं खोटं बोलायचं: जुगार खेळतो, पितो, भांडतो, वेश्यांकडे जातो. मग समोरचा काय म्हणतो ते ऐकायचं. खोट्याचं आमिष लावून खऱ्याचा मासा धरायचा. नोकर दचकतो. याने मुलाची बदनामी होईल, असं त्यालाच बापाला सांगावं लागतं. बोलता बोलता पोलोनियस आपण कुठे होतो तेच विसरतो आणि नोकराला विचारतो. स्वतःशी खरं राहायला सांगणारा माणूस तो हाच.

रेनाल्डो जातो आणि ऑफेलिया धावत येते. हॅम्लेट तिच्या खोलीत आला होता. कपडे अस्ताव्यस्त, मोजे खाली घसरलेले, चेहरा पांढराफटक. त्याने तिचं मनगट धरलं, बराच वेळ नुसता पाहत राहिला, एक उसासा टाकला आणि तिच्याकडे पाहतच दाराबाहेर गेला. ती घाबरलीय आणि थेट वडिलांकडे आलीय. या घरात अजून विश्वास शिल्लक आहे, याची खूण हीच.

पोलोनियसचे दोन प्रश्न: तुझ्या प्रेमाने वेडा झाला का? तू त्याला काही कठोर बोललीस का? ऑफेलिया म्हणते, नाही, तुम्ही सांगितलं होतं तसं मी त्याची पत्रं परत केली आणि भेटणं बंद केलं. पुढचा क्षण नाटकात फारसा गाजलेला नाही, पण महत्त्वाचा आहे. पोलोनियस चूक कबूल करतो. मला वाटलं तो नुसता खेळतोय, मी नीट पारख करायला हवी होती. तरुणांना जशी समज कमी तशी आम्हा म्हाताऱ्यांना संशय घेण्याची खोड. इतका स्वच्छ कबुलीजबाब या नाटकात फार थोडे जण देतात. मग तो मुलीला काय म्हणतो? चल, राजाकडे जाऊ. घाबरलेल्या मुलीला कोणी बस म्हणत नाही.

यानंतर ऑफेलियाचं जे होतं ते सगळं 'तिच्या भल्यासाठी' या नावाखालीच. हॅम्लेटचं तिला आलेलं पत्र बाप राजा-राणीसमोर मोठ्याने वाचतो, मधे मधे शैलीवर शेरे मारत. मग योजना मांडतो: हॅम्लेट दालनात फिरत असतो, तेव्हा मी माझ्या मुलीला त्याच्यावर सोडतो, आपण पडद्याआडून पाहू. 'सोडणं' हे क्रियापद मूळातही दावणीच्या जनावरासाठी वापरतात तसंच आहे. हॅम्लेट नंतर पोलोनियसला इफ्ताह म्हणून हाक मारतो, तो उगाच नाही. बायबलमधल्या या सेनापतीने देवाला दिलेल्या शब्दापायी स्वतःच्या मुलीचा बळी दिला होता. पोलोनियसला वाटतं, हा वेडाच्या भरात माझ्या मुलीचाच जप करतोय.

तिसऱ्या अंकातली भेट म्हणजे या सगळ्याचा कळस. ऑफेलियाच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक देऊन तिला उभं केलं जातं. हॅम्लेट तिला मठात जायला सांगतो, पुनःपुन्हा. सल्ल्याचा तोच सांगाडा, आता प्रियकराच्या तोंडी, आणि शिव्याशापांत बुडवलेला. मधेच तो विचारतो, तुझे वडील कुठे आहेत? ती म्हणते, घरी. पडद्याआडच्या बापाला वाचवण्यासाठी ती खोटं बोलते. हॅम्लेट निघून जातो, ती मोडून पडते, एकटीच त्याच्या हरवलेल्या बुद्धीबद्दल शोक करते. राजा आणि बाप बाहेर येतात आणि आपसात बोलू लागतात. शेवटी पोलोनियस तिच्याकडे वळतो: हॅम्लेट काय म्हणाला ते सांगायची गरज नाही, आम्ही सगळं ऐकलंय. बाप लेकीचं ऐकतो, पण पडद्याआडून. पुढे राणीच्या दालनात असाच पडद्यामागे उभा असताना तो हॅम्लेटच्या तलवारीने मरतो.

राजवाड्यातही तेच

राजघराण्यातले सल्ले निराळे नाहीत. काका क्लॉडियस पुतण्याला म्हणतो, बापाचा इतका शोक करणं पुरुषाला शोभत नाही, विटेनबर्गच्या विद्यापीठात परत जाऊ नकोस, इथे आमच्या नजरेसमोर राहा. त्याच दरबारात लेअर्टिसला मात्र पॅरिसला जायची परवानगी मिळते. भूताचा आदेशही बापाचाच आहे: सूड घे. पण त्यात एक जपणुकीची ओळ आहे, ती सहसा विसरली जाते. आईला हात लावू नकोस, तिला देवावर आणि तिच्या मनाच्या टोचणीवर सोड. स्वतः फसवला गेलेला नवरा बायकोला जपायला सांगतोय.

व्हायोलेटची फुलं

बापाच्या मृत्यूनंतर ऑफेलियाचं भान जातं. ती दरबारात गाणी म्हणत येते. त्या गाण्यांत एका मुलीला लग्नाचं वचन देऊन फसवल्याची गोष्ट आहे, म्हणजे बाप आणि भाऊ ज्याला घाबरत होते तेच. ज्या विषयावर तिला बोलायला बंदी होती तो वेडात सगळ्यांसमोर बाहेर पडतो. इतके दिवस ऐकत आलेली मुलगी आता बोलते आणि बाकीच्यांना ऐकावं लागतं.

मग ती फुलं वाटते. तुला हे, तुला ते. व्हायोलेटबद्दल म्हणते, तीही दिली असती, पण वडील गेले तेव्हा सगळी सुकली. भावाने पहिल्या अंकात हॅम्लेटच्या प्रेमाला व्हायोलेट म्हटलं होतं. तो भाऊ आता समोर उभा आहे, ऐकतोय. पाचव्या अंकात तिला मातीत ठेवताना लेअर्टिस म्हणतो की तिच्या निष्कलंक देहातून व्हायोलेटची फुलं उगवोत. एकच फूल तीन वेळा: आधी धोक्याची सूचना, मग बापाचं जाणं, मग तिची कबर. लेअर्टिसला आपलं निरोपाच्या वेळचं बोलणं आठवलं असेल की नाही, हे शेक्सपिअर सांगत नाही.

आणि त्याच कबरीपाशी राणी गर्ट्रूड फुलं टाकत म्हणते, तू माझ्या हॅम्लेटची बायको व्हावीस अशी माझी आशा होती. तुझ्या शय्येवर फुलं पसरायची होती, कबरीवर नव्हे. नाटकातल्या सर्वांत क्रूर ओळींपैकी ही एक. राजपुत्र तुझ्याशी लग्न करूच शकत नाही, या गृहीतावर भावाचा सल्ला उभा होता. बापानेही राजाराणीसमोर तेच सांगितलं होतं की तो तुझ्या आवाक्याबाहेरचा आहे. आणि मुलाच्या आईची हरकत नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

लेअर्टिस आणि राहिलेले उपदेश

लेअर्टिसने बापाचं ऐकलं का? भांडणात शिरू नकोस, हे त्याने पाळलं नाही. ऐक सगळ्यांचं पण निर्णय राखून ठेव, हेही नाही. फ्रान्सहून परतल्यावर तो एकाच माणसाचं ऐकतो, क्लॉडियसचं, आणि दुःखात असलेल्या मुलाला हवं तसं वळवायला राजाला वेळ लागत नाही. तलवारीच्या टोकाला विष लावायची कल्पना खुद्द लेअर्टिसची. मरताना तो म्हणतो, मी माझ्याच फासात अडकलो. आणि मग हॅम्लेटला सगळं खरं सांगतो, त्याच्याशी क्षमेची देवाणघेवाण करतो. बापाच्या उपदेशातली शेवटची ओळ त्याने पाळली असेल तर ती इथे.

या सगळ्या गर्दीत वेगळा दिसतो होरेशिओ. शेवटच्या द्वंद्वाआधी हॅम्लेट त्याला सांगतो की मनात काहीतरी खुपतंय. होरेशिओ म्हणतो, मन नको म्हणत असेल तर त्याचं ऐक, तुला बरं नाही असं मी जाऊन सांगतो. हॅम्लेट नाही म्हणतो आणि होरेशिओ थांबतो. सल्ला, त्यासोबत मदतीची तयारी, आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे. त्यानेही जीव वाचत नाही, हे खरंच.

नाटकातला जपून राहण्याचा शेवटचा सल्ला मात्र खलनायकाचा आहे. हॅम्लेटसाठी विष घालून ठेवलेला प्याला गर्ट्रूड उचलते. क्लॉडियस म्हणतो, पिऊ नकोस. सल्ला शंभर टक्के खरा आणि मनापासूनचा, पण कारण सांगण्याची सोय नाही. राणी म्हणते, पिणार, माफ करा.

रंगभूमीवर आणि पडद्यावर

मराठीत 'हॅम्लेट' आलं ते गोपाळ गणेश आगरकरांच्या हातून. टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना त्यांनी हे भाषांतर केलं आणि १८८३ मध्ये ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झालं. गणपतराव जोशी यांनी पुढे ही भूमिका गाजवली. नाना जोग यांचं भाषांतर २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आलं तेव्हा सुमीत राघवन हॅम्लेट होते.

पोलोनियसच्या घराकडे पाहण्याच्या तऱ्हा बदलत गेल्या आहेत. ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांच्या १९६४ च्या रशियन चित्रपटात ऑफेलिया पहिल्यांदा दिसते ती नाचाचे धडे घेताना, कळसूत्री बाहुलीसारखी. बाप गेल्यावर शोकाचा काळा पोशाख चढवण्याआधी तिच्या अंगावर लोखंडी सांगाडा आवळला जातो. केनेथ ब्रानाच्या १९९६ च्या चित्रपटात बाप प्रश्न विचारत असताना ऑफेलियाला हॅम्लेटबरोबरच्या रात्री आठवतात. म्हणजे सल्ला येतो तो आधीच उशिरा. विशाल भारद्वाजच्या 'हैदर'मध्ये (२०१४) गोष्ट काश्मीरला गेलीय आणि पोलोनियसच्या जागी पोलीस अधिकारी आहे. घरातली पाळत आणि सरकारी पाळत यांच्यात मग फरकच उरत नाही, आणि मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट थेट चौकीत पोचते.

या प्रवेशाचं काम करणाऱ्या प्रत्येक अभिनेत्रीला शेवटी एक गोष्ट ठरवावी लागते: होकाराचं ते छोटं वाक्य कसं म्हणायचं. काही जणी ते रडत म्हणतात, काही दगडासारख्या चेहऱ्याने, काही बापाकडे न पाहता, आणि एखादी अशी, की पोलोनियस क्षणभर थबकून तिच्याकडे पाहतो आणि मग आत निघून जातो.